खरखरीत अक्षरांचा इतिहास

आमच्या मंडळाच्या बालवाडीतील कपाटात अगदी खालच्या खणात एक लाकडी पेटी आहे. तिच्यात पुठ्ठ्याचे चौकोनी तुकडे असून प्रत्येक तुकड्यावर पॉलिशपेपर कापून चिकटविलेले एकेक अक्षर आहे. मूल दोन बोटे त्या खरखरीत अक्षरावरून फिरविते, तोंडाने त्याचा उच्चार करते, आणि असे पुष्कळ दिवस झाले म्हणजे एके दिवशी हातात खडू देताच ते अक्षर पाटीवर उमटते. पालकसभेत ही पेटी आम्ही मोठ्या अभिमानाने दाखवीत आलो आहोत. "आमच्याकडे माँटेसरीबाईंच्या पद्धतीने शिकवितात," हे वाक्य मी स्वतः किती वेळा उच्चारले असेल त्याची गणती नाही. (आमच्या आजोबांच्या वेळची धूळपाटी, तीही बोटानेच अक्षर शिकण्याची विद्या होती, पण ते असो.)

यंदा स्मारिकेसाठी बालवाडीचा इतिहास लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले. पहिली जागा कोणाच्या ओसरीवर होती, पहिल्या वर्षी मुले किती होती, हे सारे लिहायला मी बसलेही होते. परंतु तो मजकूर मागील स्मारिकांतून दोनदा येऊन गेलेला आहे. म्हणून बालवाडीऐवजी या पेटीचाच इतिहास लिहावयाचे मी ठरविले. तो मंडळाहून बराच जुना, सव्वादोनशे वर्षांचा आहे. आणि तो मला शोधावासा का वाटला, हे आधी सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी एक आई आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन बालवाडीत आली. मुलगी बुद्धीने फार मागे होती. दोन-चार शब्दच बोले, तेही घरच्यांनाच कळत. आई म्हणाली, "बाई, हिला अक्षरं शिकवाल का?" मी म्हटले, "अहो ताई, अक्षरं कशाला? तिला हातपाय धुवायला, केस विंचरायला शिकवा. तेवढं आलं तरी पुष्कळ झालं." आम्ही बोलत होतो तोवर मुलीने पेटीतील एक अक्षर काढून मांडीवर घेतले होते आणि त्यावर ती तळवा फिरवीत होती. पुठ्ठ्याचे कोपरे दुमडतील म्हणून मी ते तिच्या हातातून काढून घेतले. आई वाद न घालता उठली. जाताना "बरं बाई" एवढेच म्हणाली.

त्यानंतर पुष्कळ दिवसांनी, शिक्षिकांच्या एका वर्गासाठी टाचण काढताना, माँटेसरीबाईंचे पुस्तक मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. त्यापूर्वी मधली मधली प्रकरणे वाचून भागविले होते, हे कबूल करते. तेव्हा मला कळले की ती अक्षरे पहिल्यांदा कोणासाठी तयार झाली होती.

या हकीकतीचा आरंभ फ्रान्समध्ये होतो. इ. स. १८०० च्या जानेवारीत, दक्षिणेकडील आव्हेरों प्रांतात, रानातून एक मुलगा गावात आला. वय सुमारे बारा असावे. अंगावर जखमांचे व्रण, भाषा कोणतीच नाही. त्याच वर्षी त्याला पॅरिसला नेण्यात आले व त्याला पाहावयास लोकांची रीघ लागली. वेड्यांच्या बेड्या काढणारा म्हणून ज्याची ख्याती होती, त्या डॉक्टर पिनेलने त्याला तपासून निर्वाळा दिला की हा असाध्य जडबुद्धी आहे, याच्यावर श्रम घेण्यात अर्थ नाही. तो मुळातच मंद होता, की माणसांवाचून वाढल्याने तसा झाला होता, यावर विद्वानांचा वाद अजून चालू आहे. पण मूकबधिरांच्या संस्थेत नोकरीला लागलेल्या इतार नावाच्या पंचविशीतील डॉक्टराने तो निर्वाळा मानला नाही. त्याने मुलाचे नाव व्हिक्टर ठेविले आणि त्याला शिकवावयास घेतले.

इतारने काय केले? पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर मोठाली अक्षरे छापून घेतली, ती एका फळीवरील खोबणींत बसविली, आणि तशीच अक्षरे धातूची करविली. मुलाने धातूचे अक्षर हाती घ्यावे व त्याच्या जोडीच्या छापील अक्षरावर ठेवावे, असा तो खेळ होता. दोन-तीन दिवसांत व्हिक्टर तो न चुकता करू लागला. इतारला फार आनंद झाला. पण मग त्याच्या ध्यानात आले की पोराने युक्ती केली आहे. फळीवरून अक्षरे काढताना तो ती क्रमाने एकावर एक रचून ठेवी, म्हणजे परत लावताना अक्षराकडे पाहण्याचेही काम पडू नये! इतारने हे श्रम टाळण्याचे लक्षण म्हणून लिहिले आहे. मला मात्र वाटते, ज्याला जगातील एका थोर वैद्याने असाध्य जडबुद्धी ठरविले होते, त्याने इतारला दोन-तीन दिवस चकविले, हीच त्या प्रकरणातली सर्वांत मोठी बातमी होती. इतारने अक्षरे मिसळावयास सुरुवात केली, तेव्हा कुठे खरा अभ्यास सुरू झाला.

पुढे दुधाचा प्रसंग आहे. फ्रेंच भाषेत दूध या शब्दाला चार अक्षरे लागतात. ती चार अक्षरे टेबलावर मांडून मग दूध द्यावयाचे, असा पाठ चालू झाला. समोरच्या बाजूने शब्द मांडलेला पाहिल्यामुळे प्रथम व्हिक्टरने तो उलट्या क्रमाने लावला. चूक दाखविल्यावर सुधारला. यात विशेष काही नाही, नक्कल आहे, असे कोणी म्हणेल. परंतु आठवड्याभराने, वेधशाळेकडे ज्या गृहस्थांच्या घरी त्याला रोज दूध मिळे तेथे निघताना, त्याने कोणी न सांगता ती चार अक्षरे खिशात घातली, आणि तेथे पोचताच टेबलावर नीट मांडून दाखविली. जिभेने ज्याला दूध मागता येत नव्हते त्याने ते अक्षरांनी मागितले. ही १८०१ च्या अहवालातील गोष्ट आहे.

अर्थात पुढचा मार्ग सोपा नव्हता. व्हिक्टरला नाव लिहिलेली पाटी दाखविली की तो ती वस्तू आणी; पण 'पुस्तक' म्हटले की तेच एक पुस्तक, दुसरे आणून ठेविले तर ते त्याच्या लेखी पुस्तकच नव्हे. शब्द हा एका वस्तूचा नसून तशा सगळ्या वस्तूंचा असतो, हे शिकविण्यात इतारचे कित्येक दिवस गेले. आणि ते शिकल्यावर उलट झाले, जरासे साम्य असलेली कोणतीही वस्तू त्याच नावाने चालू लागली! ज्यांनी अशा मुलांना शिकविले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. व्हिक्टर शब्द नक्कलून लिहू लागला, कित्येक शब्द वाचू लागला. बोलू मात्र शेवटपर्यंत शकला नाही. १८०६ मध्ये इतारने दुसरा अहवाल लिहिला आणि शिकविणे थांबविले.

येथे मला एका बाईंविषयी थोडे अधिक लिहावयाचे आहे. इतारच्या अहवालात मादाम गेरँ या नावाने त्या येतात. व्हिक्टरला सांभाळण्यासाठी सरकारने त्यांना नेमले होते. इतारचे पाठ तासाचे; बाकीचा सारा दिवस या बाईंचा. जेवू घालणे, फिरावयास नेणे, रागाचे झटके सोसणे हे त्यांच्याकडे. त्यांचे यजमान वारले, त्या दिवसांतील एक गोष्ट इतारने नोंदविली आहे. जेवणाची पाने मांडण्याचे काम व्हिक्टरचे असे. सवयीने त्याने मृत गृहस्थांचेही पान मांडले. ते पाहून बाईंना रडू कोसळले. व्हिक्टरने ते ताट उचलून फडताळात परत ठेविले आणि पुन्हा कधीही मांडले नाही. इतारचे पाठ संपल्यावरही व्हिक्टर त्यांच्याजवळच राहिला. सरकार वर्षाला दीडशे फ्रँक देत असे. त्यांच्याच घरी १८२८ मध्ये तो वारला. शिक्षणशास्त्राच्या इतिहासात इतारवर प्रकरणे लिहिली जातात, मादाम गेरँ यांच्या वाट्याला एखादी ओळ येते. महिलामंडळाच्या स्मारिकेत तरी त्यांना एक परिच्छेद मिळावा, म्हणून हा प्रपंच.

इतारचा शिष्य सेगँ. त्याने १८३७ मध्ये, गुरूच्या देखरेखीखाली, एका मंदबुद्धी मुलाला शिकविण्यास आरंभ केला. पुढे पॅरिसमधील वेड्यांच्या इस्पितळातील मुलांवर काम करून १८४६ मध्ये त्याने आपल्या पद्धतीवर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते: बुद्धीपर्यंत जाणारा रस्ता हातावरून जातो. आधी उभी रेघ, मग आडवी, मग तिरपी, मग वाकलेली. या रेघा हाताला वळल्या म्हणजे अक्षरे आपोआप पाठोपाठ येतात. लिहिणे आणि वाचणे ही दोन कामे नव्हेत, एकाच कामाच्या दोन बाजू होत. फ्रान्समधील राज्यक्रांतीच्या धामधुमीनंतर, १८५० च्या सुमारास, सेगँ अमेरिकेस गेला, तेथे अशा मुलांच्या शाळा उभारण्याच्या कामी लागला आणि १८८० मध्ये वारला. त्याचे पुस्तक युरोपात जवळजवळ विसरले गेले.

ते विस्मृतीतून बाहेर काढले रोमच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी. मारिया माँटेसरी १८९६ मध्ये डॉक्टर झाल्या व विद्यापीठाच्या मनोरुग्ण-विभागात काम करू लागल्या. त्या काळी मंदबुद्धी मुलांना वेड्यांच्या इस्पितळातच कोंडीत. अशा एका खोलीतील मुले जेवणानंतर जमिनीवर पडलेले पावाचे कण वेचतात, म्हणून तेथील बाई त्यांची किळस करी. माँटेसरीबाईंनी खोलीभर नजर टाकली, तो तेथे हातात धरण्यासारखी दुसरी वस्तूच नव्हती! ही मुले पोटाला नव्हे, हाताला भुकेली आहेत, असा त्यांनी अर्थ लावला, असे त्यांच्या चरित्रकाराने लिहून ठेवले आहे. १८९८ मध्ये तूरीनच्या शिक्षणपरिषदेत त्यांनी सांगितले की मंदबुद्धी मुलांचा प्रश्न औषधाचा नसून शिक्षणाचा आहे. १९०० मध्ये रोममध्ये अशा मुलांसाठी व त्यांच्या शिक्षकांसाठी संस्था निघाली, तिच्या संचालनात त्या होत्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या स्वतः मुलांत बसत; आणि पुढे ते काम सोडल्यावर त्यांनी इतार व सेगँ यांचे ग्रंथ फ्रेंचमधून इटालियनमध्ये स्वतःच्या हाताने उतरवून काढले, एकेक शब्द तोलता यावा म्हणून.

त्या पुस्तकातील एक प्रसंग आपल्या भगिनींना विशेष रुचेल. अकरा वर्षांची एक मंदबुद्धी मुलगी होती. हातात जोर होता, पण रफू करणे तिला काही केल्या जमेना. सुई धाग्याच्या वरून एकदा, खालून एकदा, एवढेच ते, तरी जमेना. तेव्हा माँटेसरीबाईंनी सुई बाजूला ठेविली आणि तिला कागदाच्या पट्ट्यांची चटई विणावयास दिली, एक पट्टी वरून, एक खालून. त्यात हात बसल्यावर पुन्हा सुई दिली, तो मुलगी रफू करू लागली! तिला कोणी पुन्हा रफू शिकविले नव्हते. हाताची तयारी दुसऱ्या वाटेने झाली होती. यावरून बाईंनी ताडले की लिहिण्याचेही तसेच असेल. लेखणी देण्याआधी अक्षराचे वळण बोटांत उतरविले पाहिजे. त्यांनी लाकडाची सुंदर रंगीत अक्षरे करवून घेतली. मुले ती पाहत, बोटाने गिरवीत, आणि उच्चार ऐकत. वेड्यांच्या इस्पितळातून आलेल्या त्या मुलांपैकी काही लिहावयास-वाचावयास शिकली, आणि सार्वजनिक शाळेच्या परीक्षेस इतर मुलांबरोबर बसून उत्तीर्ण झाली.

लोक चमत्कार म्हणू लागले. माँटेसरीबाई मात्र वेगळ्याच विचारात पडल्या. माझी दुर्दैवी मुले जर निरोगी मुलांच्या बरोबरीला येतात, तर त्या निरोगी मुलांना शाळा इतके खाली का दाबून ठेविते, असा प्रश्न त्यांना पडला. तो प्रश्न योग्यच होता. पण त्या प्रश्नामागे त्या निघून गेल्या आणि मंदबुद्धी मुले मागे राहिली, असे मला वाटते. १९०१ मध्ये त्यांनी ती संस्था सोडली. १९०७ च्या ६ जानेवारीस रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. तेथे तशी लाकडी अक्षरे करून द्यावयास कारागीर मिळेना, म्हणून त्यांनी कागदाची आणि पॉलिशपेपरची अक्षरे कापली. स्वस्त म्हणून केलेला हा इलाज लाकडाहून सरस ठरला, आणि तोच जगभर गेला.

आपल्याकडे तो आला गिजुभाई बधेका यांच्या भावनगरच्या बालमंदिरातून. हे बालमंदिर १९२० मधील. तेथे गिजुभाईंबरोबर काम करणाऱ्या ताराबाई मोडक यांनी बालशिक्षण महाराष्ट्रात रुजविले. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९३९ मध्ये खुद्द माँटेसरीबाई मद्रासला अड्यार येथे आल्या, महायुद्ध पेटल्यामुळे १९४६ पर्यंत येथेच राहिल्या, आणि शेकडो शिक्षकांना त्यांनी तयार केले. परंतु त्यांचे महागडे साहित्य खेड्याला परवडणारे नव्हते. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी काढली; अनुताई वाघ त्यांना तेथेच मिळाल्या; १९५७ मध्ये काम कोसबाडच्या आदिवासी मुलांत गेले. तेथे शिंपले, बिया, माती यांचेच शिक्षणसाहित्य झाले. आमच्या मंडळाने ज्या शिक्षिकेकडून धडे घेतले त्या याच परंपरेतल्या. म्हणजे खालच्या खणातली ती पेटी पॅरिसहून रोम, रोमहून भावनगर, बोर्डी असा प्रवास करीत आमच्याकडे आली. ज्या मुलांमुळे ती जन्मली, ती मुले वाटेत कोणत्या मुक्कामी उतरवून दिली गेली, हे कोणी विचारले नाही. मीही नाही.

ती उतरवली गेली याला एक कारण आकडा हे होते. १९०५ मध्ये पॅरिसमध्ये बिने व सिमाँ यांनी बुद्धिमापनाची कसोटी तयार केली, ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना ओळखून मदत करावी म्हणून. बुद्धी ठरीव असते व ती वाढत नाही, या समजुतीविरुद्ध बिनेने स्वतः लिहिले. पण कसोटी अमेरिकेस गेल्यावर तिचे कुलूप झाले. अमुक आकड्याखाली असेल तर शिकण्यास अपात्र! ज्या संस्था सेगँच्या काळात शाळा म्हणून निघाल्या त्या जन्मभराच्या कोंडवाड्यांसारख्या झाल्या. इंग्लंडमध्ये तर अशा मुलांना शाळेत शिकण्यास अयोग्य ठरविण्याची तजवीज कायद्यातच होती. त्यांची जबाबदारी शिक्षणखात्याकडे नसून आरोग्यखात्याकडे असे. १९७० मध्ये तेथे कायदा झाला आणि एप्रिल १९७१ पासून प्रत्येक मूल शिक्षणखात्याचे झाले. अमेरिकेत तसा कायदा १९७५ मध्ये आला.

इंग्लंडमधला कायदा येण्याच्या तीन वर्षे आधी, १९६७ मध्ये, तेथे एक छोटे पुस्तक निघाले. लेखकाचे नाव नायजेल हंट. जन्म १९४७, आणि जन्मतःच डाउन सिंड्रोम. या मुलावर कितीही माया केली तरी तो जडबुद्धीच राहील, असे आईबापांना अधिकाऱ्याने सांगितले होते. वडील शाळेचे मुख्याध्यापक होते. पण वाचावयास शिकविले ते आईने, ग्रेसबाईंनी, घरी, अक्षरांचे उच्चार जुळवून. पुढे तो टंकलेखन शिकला आणि आपला प्रवास, आपली माणसे, आपल्याला आवडणारे संगीत यांविषयीचे पुस्तक त्याने स्वतः टंकून काढले. डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीने लिहिलेले हे पहिले प्रसिद्ध पुस्तक मानतात. त्याला प्रस्तावना पेनरोझ या नामवंत शास्त्रज्ञाची आहे. अशा मुलाला स्वतःविषयी सांगण्यासारखे काही असते, हेच तोवर पुष्कळांना ठाऊक नव्हते.

आपल्याकडेही पहिली पावले आयांचीच. मुंबईला १९४४ मध्ये जय वकील यांनी आपल्या डाउन सिंड्रोम असलेल्या मुलीसाठी घरीच वर्ग सुरू केला. आज शिवडीला त्यांच्या नावाची मोठी शाळा आहे. पुण्यास 'कामायनी' १९६४ मध्ये निघाली. सरकारने १९८४ मध्ये सिकंदराबादला राष्ट्रीय संस्था काढली. १९९५ मध्ये अपंगांसाठीचा कायदा, २००९ मध्ये शिक्षणहक्काचा कायदा आणि २०१६ मध्ये दिव्यांगांच्या हक्कांचा नवा कायदा, अशी ही वाटचाल आहे. शेवटच्या कायद्याने ठराविक प्रमाणाहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. शब्दही बदलले, मतिमंद जाऊन बौद्धिक दिव्यांग आले. या लेखात जुने शब्द आले आहेत ते त्या त्या काळचे म्हणून.

पण शाळेत प्रवेश मिळणे निराळे आणि अक्षरांत प्रवेश मिळणे निराळे. पुष्कळ ठिकाणी अशा मुलांना वर्षानुवर्षे मणी ओवणे, रंग ओळखणे, बटण लावणे यांतच ठेवितात; ते आल्यावाचून अक्षर नाही. फार झाले तर 'धोका', 'स्त्रिया', 'बाहेर' असे गरजेचे दहा शब्द चित्रासारखे पाठ करून घेतात. ते उपयोगी आहेत यात शंका नाही. परंतु दहा शब्द चित्रासारखे ओळखणाऱ्याला अकरावा शब्द वाचता येत नाही. अमेरिकेत टेक्सासमध्ये काही अभ्यासकांनी, बुद्ध्यंक चाळीस ते ऐंशीपर्यंत असलेल्या मुलांना, दररोज चाळीस-पन्नास मिनिटे, चार वर्षांपर्यंत, अक्षर आणि उच्चार यांची सांगड घालून पद्धतशीर वाचन शिकविले. त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. मुले पुढे गेली; वेळ मात्र इतर मुलांहून कितीतरी अधिक लागला. कॉपेनहॅवर आणि एरिक्सन हे दोन प्राध्यापक तर असे सांगतात की अक्षरासाठी आधी कोणतीही पात्रता लागत नाही. जे मूल बोलत नाही त्यालाही रोज पुस्तक वाचून दाखवावे. ज्याला पेन्सिल धरता येत नाही त्याला अक्षरांचा तक्ता द्यावा. त्याने बोटाने दाखवावे, तेही न जमले तर नजरेने, आणि आपण ते लिहावे. त्याच्या रेघोट्यांनाही लिहिणेच म्हणावे, जसे आपण दोन वर्षांच्या नातवाच्या रेघोट्यांना म्हणतो.

आपल्या लिपीचे थोडे सोयीचे आहे, थोडे अडचणीचे. अक्षर आणि उच्चार यांचा मेळ इंग्रजीहून फार चांगला. म्हणून घर, बस, नळ, कप असे कानामात्रा नसलेले शब्द आधी घेतले तर मूल लवकर वाचू लागते. पण पहिली वेलांटी म्हणजे खरी कसोटी! ती लिहितात आधी आणि उच्चारतात मागाहून. अशा मुलांना तेथे दोन-दोन महिने लागतात.

हे महिने मी कोठून मोजले, हे सांगून थांबते. ते पुस्तक वाचून झाल्यावर मी त्या आईचे घर शोधीत गेले. काय बोलावे हे मनाशी ठरविले होते, पण दारात उभी राहिल्यावर एवढेच म्हणता आले की, "ताई, मी त्या दिवशी चुकीचं सांगितलं. मुलीला घेऊन याल का?" मुलगी तोवर बारा वर्षांची झाली होती. आईने मला आत बसवले, चहा दिला, आणि बराच वेळ गेल्यावर विचारले, "किती वाजता आणू?"

बालवाडी सुटल्यावर दुपारी ती येते, त्याला आता दोन वर्षे होतील. आमच्या दोघी भगिनी मला पाळीपाळीने मदत करतात. तिला आता बावीस अक्षरे येतात. 'बस' हा तिचा पहिला शब्द. तिच्या घरासमोर थांबा आहे. ध आणि घ यांत गोंधळ होतो, वेलांटी कधी धरते कधी सोडते. पुढे किती जमेल ते मी तिच्या आईला सांगत नाही, कारण ते मला सांगता येत नाही. पेटीतील काही पुठ्ठ्यांचे कोपरे दुमडले आहेत.

मागल्या महिन्यात ती अक्षरे जोड्यांनी लावीत होती, आणि फार भराभर लावीत होती. मी जरा वाकून पाहिले. आदल्या दिवशी उचलताना तिने ती ओळीने एकावर एक रचून ठेवली होती, म्हणजे आज बघायला नको! मी हसू दाबले आणि गठ्ठा घेऊन अक्षरे मिसळून टाकली. तिने माझ्याकडे चांगलेच रागाने पाहिले, आणि मग पहिले अक्षर उचलले.